सध्या उपस्थित

दिनांक १३ ऑक्टोबर, दसऱ्यानंतरचा रविवार. स्थळ, सोसायटीची तळमजल्यावरची खोली, डोंबिवली पश्चिम. उपस्थिती नऊ, आणि फोनवर एक. मंडळाच्या वेबसाइटवर वाचकांना लिहिता येईल अशी सोय करण्यासाठी रुपये सहा हजार पाचशे मंजूर. सूचक श्रीमती कुंदा गायकवाड, फोनवरून. अनुमोदक श्री. पाध्ये.

गेल्या वर्षीच्या इतिवृत्तातली ही नोंद माझ्या अक्षरातली आहे. ‘नऊ, आणि फोनवर एक’ लिहिताना मी बराच वेळ पेन धरून बसलो होतो. दहा लिहावं तर खुर्च्या नऊच भरल्या होत्या. नऊ लिहावं तर जिने ठराव मांडला तीच बाई सभेला नव्हती असं झालं असतं. शेवटी दोन्ही लिहिलं आणि मला बरं वाटलं. आकडा खरा असला की मला बरं वाटतं. तेव्हा तरी वाटायचं.

यंदाचे दिवाळी अंक परवा आले. नव्या अंकाचा गठ्ठा सोडला की शाईचा, खळीचा आणि किंचित रॉकेलसारखा एक वास येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो जास्तच येतो. पंख्याखाली गठ्ठा सोडला, पानं फडफडली, आणि मला एकदम ते पाच महिने आठवले. सौभाग्यवती तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला होती. मी घरात एकटा होतो.

आमचं मंडळ साधं आहे. पंधरा घरं. प्रत्येकाने एक दिवाळी अंक विकत घ्यायचा, पाच दिवस वाचायचा, मग यादीतल्या पुढच्या घरी द्यायचा आणि मागच्या घरचा घ्यायचा. पंच्याहत्तर दिवसांत पंधरा अंक प्रत्येकाचे वाचून होतात. अंकाच्या मागच्या कव्हरला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर नाव, अंक आल्याची तारीख, दिल्याची तारीख आणि शेवटचा रकाना ‘अभिप्राय’. बहुतेक जण तिथे ‘छान’ लिहितात. काही ‘छान’च्या खाली वरच्यासारखं अशी दोन टिंबं देतात.

गायकवाड बाई टिंबं देत नसत. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. हिरव्या शाईने, रकान्याबाहेर जाऊन, कधी चिठ्ठी उलटी करून मागच्या बाजूला लिहायच्या. यादीत त्या सातव्या आणि मी आठवा, म्हणजे त्यांचं लिहिलेलं सगळ्यांत आधी माझ्या हाती पडे. ‘ही कथा लेखकाने घाईत संपवली आहे. बहुतेक दिवाळीची खरेदी राहिली होती.’ त्याच्याखाली मी माझं लिहायचो. मी छपाईच्या चुका काढतो. पृष्ठ क्रमांक, ओळ, चूक आणि दुरुस्ती. हे कोणीतरी करायला हवं असं माझं मत आहे.

एका वर्षी मी लिहिलं, ‘पृष्ठ ८८ व ८९ यांची अदलाबदल झाली आहे.’ जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सगळे अंक परत येतात, चहा-बटाटेवडा होतो, तेव्हा बाई एकेक अंक उघडून आपल्या नावाखालचं माझं वाचत बसल्या. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तांबे, मला वाटलं होतं लेखकाने मुद्दाम काळ मागेपुढे केलाय. मी तीन ओळी कौतुक केलंय त्याचं.”

“वाचलं मी ते,” मी म्हणालो.

“मग गप्प का बसलात?”

“गप्प कुठे, लिहिलं ना खाली.”

ती सभा मला वर्षभर पुरायची. त्यांनाही पुरत असावी.

मग त्यांचे गुडघे गेले आणि पाठोपाठ कान. कोपर स्टेशनच्या बाजूला चौथ्या मजल्यावर त्यांचं घर, इमारतीला लिफ्ट नाही. अंक वरून दोरीला बांधलेल्या कापडी पिशवीतून खाली यायचा आणि मागच्या घरचा त्याच पिशवीतून वर जायचा. फोनवर त्या बोलत, पण ऐकू येत नसे. म्हणून त्या रविवारी पाध्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही नऊ जण त्याच्याकडे बघत बसलो.

“मला तुमचं काही ऐकू येणार नाही, तेव्हा मधे बोलू नका,” फोनमधून बाई म्हणाल्या. “मी सातवी आहे. माझ्या खाली कोण काय लिहितं ते मला जानेवारीत कळायचं. आता मी सभेला येऊ शकत नाही, म्हणजे कधीच कळणार नाही. आपली ती वेबसाइट आहे ना, नुसती भिंतीवरच्या नोटिशीसारखी, तिच्यावर लिहायची सोय करा. मी यंदा चिठ्ठीवर लिहिणार नाही. तिकडे लिहीन. तांबे, तुम्ही तिकडे उत्तर द्या. एवढंच. ठेवते.”

फोन बंद झाला. पाध्ये आमचे अध्यक्ष, वय एक्याऐंशी. ते म्हणाले, “चांगलंय. पण उद्या कोणी काहीही लिहून ठेवेल. लेखकांची नावं असतात. चिटणिसांनी वाचून मंजूर केल्याशिवाय काही दिसायला नको.”

चिटणीस मी. मला ते पटलं. इतिवृत्तात तेही आहे, ठरावाचं दुसरं कलम.

व्हॉट्सॲपचा गट होता की, असं कोणी म्हणेल. होता आणि आहे. त्यावर सकाळी गुलाब येतात आणि संध्याकाळी दिवे. बाईंनी एकदा तिथे एका लेखावर दहा ओळी लिहिल्या होत्या. त्यांच्यावर सतरा गुलाब पडले आणि ओळी वर निघून गेल्या. त्या रात्रीच बाई गटातून बाहेर पडल्या.

त्या हंगामातल्या घराचा आवाज मला अजून आठवतो. म्हणजे आवाज नव्हता. दूध एक लिटरवरून अर्ध्यावर आलं. गॅसचा सिलिंडर सत्त्याण्णव दिवस गेला. एक ताट, एक वाटी, एक भांडं, तीच घासायची आणि तीच घ्यायची. संध्याकाळी ठाण्याहून ऑफिसातून आलो की दिवा लावायचा, आणि मग बेंगळुरूचा फोन.

“जेवलात?”

“सात वाजलेत फक्त.”

“भाजी काय केलीत?”

“दुधी.”

“कालही दुधीच होता.”

“तोच आहे.”

मग नातवाला फोनपुढे धरत. त्याचा श्वास ऐकू यायचा. फोन ठेवला की घर पुन्हा तेवढंच.

वेबसाइटचं काम सुनीता म्हात्रे यांना दिलं. चाळिशीतल्या बाई, ठाण्यात खोपटला एस. टी. डेपोजवळ एका क्लासच्या वर त्यांची खोली. गणेश मंडळं, केटरर, लग्नाचे हॉल यांच्या वेबसाइट करतात. माझं ऑफिस तिथून चालत बारा मिनिटांवर, म्हणून सुटल्यावर मी जायचो. खाली मुलं सूत्रं पाठ करत असायची आणि वर सुनीताबाई मला पडद्यावर बोटाने दाखवायच्या. हे वाचकांचं पान. हे नाव लिहायचं, हे मत लिहायचं. याला उत्तर द्यायचं असलं तर इथे. आणि वर कोपऱ्यात एक लहान चौकोन, त्यात लिहिलेलं, ‘सध्या उपस्थित: १’.

“हे काय?” मी विचारलं.

“आत्ता साइट किती जण बघतायत ते. फुकट टाकलंय, काका. जिवंत वाटतं जरा.”

“हा एक कोण?”

“तुम्हीच की.”

मग त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात ‘संपर्काचा ईमेल’ होता. कोणी अभिप्राय लिहिला की मंजुरीसाठी त्याची सूचना या पत्त्यावर जाणार. मी पिशवीतून मंडळाचं लेटरहेड काढलं आणि त्यावर छापलेला पत्ता जसाच्या तसा उतरवला.

इथे मला स्पष्ट लिहायला हवं. तो पत्ता माझ्या आधीच्या चिटणिसांनी काढलेला होता. ते घर विकून गेले, पासवर्ड कोणाजवळच राहिला नाही, आणि हे मला माहीत होतं. लेटरहेड नवं छापायचं होतं, पण जुने एकशे चाळीस कागद शिल्लक होते आणि ते संपेपर्यंत नवे छापायचे नाहीत असं मीच ठरवलं होतं. फॉर्मवर तेच लिहिलं कारण तेच छापलेलं होतं. कागदोपत्री मंडळाचा पत्ता तोच. त्या क्षणी मनात दुसरं काही आलंच नाही. सूचना कुठे जातील, कोण उघडेल, काहीच नाही.

भाऊबीज झाली आणि अंक फिरायला लागले. दर पाचव्या संध्याकाळी मी बाईंच्या इमारतीखाली उभा राहायचो. खाडीकडून वारा यायचा, त्याला चिखलाचा आणि मिठाचा वास. कुठल्या तरी घरात उरलेला चिवडा पुन्हा परतत असत. आकाशकंदील काढायचा कंटाळा केलेल्या गॅलऱ्यांत ते डिसेंबरपर्यंत लोंबत होते, रंग उडून. मी वर बघून हात करायचो. बाई गॅलरीत यायच्या, कठड्याला धरून, आणि पिशवी हळूहळू खाली सोडायच्या. मी अंक काढून घ्यायचो. त्या वरून बघत असायच्या.

पहिल्या दोन वेळा त्या हसल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी हवेत बोटाने लिहिल्यासारखं केलं आणि मग पंजा उलटा करून हलवला. मला वाटलं, चिठ्ठीवर तारीख टाकायला विसरू नका म्हणतायत. मी खिशातलं पेन काढून त्यांना दाखवलं आणि मान डोलवली. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग दोरी वर गेली.

घरी येऊन मी चिठ्ठी बघायचो. त्यांच्या नावापुढे हिरव्या शाईत दोन तारखा. अभिप्रायाचा रकाना कोरा. मग मी वेबसाइट उघडायचो. तिथे माझाच अभिप्राय: पृष्ठ, ओळ, चूक, दुरुस्ती. माझं लिहिलेलं लगेच दिसायचं, कारण मंजूर करणारा मीच. त्याच्याखाली काही नाही. मला वाटलं, बाईंना कंटाळा आला. मग वाटलं, सहा हजार पाचशे रुपये त्यांच्या शब्दावर खर्च केले आणि त्यांना कंटाळा आला. विचारावं असं दोनदा मनात आलं. वर जाणाऱ्या रिकाम्या पिशवीत चार शब्दांचा कागद टाकला असता तरी चाललं असतं. पण माझ्या खालची ओळ त्यांनी लिहायची होती, असा माझा हिशेब होता.

तरी मी रोज संध्याकाळी ते पान उघडून बसायचो. खरं तर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत समोर ‘सध्या उपस्थित: १’. हा एक म्हणजे मी. डायरीत मी रोजची संख्या लिहायचो, आणि प्रामाणिकपणे स्वतःला वजा करून लिहायचो. म्हणजे शून्य. नोव्हेंबरची ती पानं आता बघितली तर शून्यांची माळ दिसते.

एका संध्याकाळी साडेसात वाजता त्या चौकोनात २ आलं. मी बघत असतानाच आलं. पंचवीस मिनिटं राहिलं आणि पुन्हा १ झालं. पाच दिवसांनी पुन्हा तसंच. मी सुनीताबाईंना फोन केला.

“आकडा चुकतोय.”

“कसा काय?”

“दोन दाखवतोय. मी एकटाच आहे.”

“काका, मग कोणतरी दुसरं असेल ना.”

“कोण असणार? असतं तर काही लिहिलं नसतं का?”

“तुमचा मोबाईल पण चालू असेल त्याच्यावर.”

मोबाईल बंद करून बघितला. तरी दोन. मी पुन्हा फोन केला. त्या जरा कंटाळून म्हणाल्या, “तो आकडा अंदाजे असतो, काका. आत्ता येऊन गेलेला माणूस पण थोडा वेळ धरतो. एवढं काय त्यात?”

अंदाजे आकडा मी अहवालात कसा लिहिणार? नऊ वेळा दोन आलं होतं, नऊच्या नऊ नोंदींपुढे मी प्रश्नचिन्ह केलं होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना सांगून तो चौकोन काढून टाकला.

शेवटच्या रविवारी अंक परत आले. चहा झाला, बटाटेवडा झाला. बाईंचे पंधरा अंक, पंधरा कोरे रकाने. पाध्ये म्हणाले, “गायकवाड बाईंनी यंदा असहकार पुकारलेला दिसतो.” कोणीतरी हसलं. मीही हसलो असेन.

मार्चमध्ये वेबसाइटचं वार्षिक नूतनीकरण आलं तेव्हा सुनीताबाईंचाच फोन आला. “काका, जागा भरतेय. ते तपासणीतले एकतीस अभिप्राय पडलेत, ते उडवू का?”

“कुठले एकतीस?”

तिकडून माऊसची टिकटिक ऐकू आली. मग म्हणाल्या, “तुम्ही या इकडे.”

एकतीसपैकी दोन कोणा कर्ज देणाऱ्याचे होते. एकोणतीस बाईंचे. खाली क्लासमधली मुलं त्या दिवशी परीक्षेच्या जवळ आल्यासारखी मोठ्याने पाठ करत होती. सुनीताबाईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

पहिला भाऊबीजेनंतरच्या आठवड्यातला. ‘तांबे, पृष्ठ ५२ वर अनुस्वार राहिलेला दिसला. त्या पानावरची बाई दाराआड उभी राहून रडतेय, ती दिसली नाही का?’

चौथा. ‘माझं लिहिणं तपासणीत आहे असं यंत्र सांगतं. तपासा. मीही छत्तीस वर्षं वह्या तपासल्या. एवढा वेळ कधी लावला नाही.’

नववा. ‘आज पिशवी सोडताना तुम्हाला खुणेने विचारलं, लिहिलेलं मिळालं का. तुम्ही पेन दाखवून मान डोलवलीत. म्हणजे मिळालंय आणि छापायचं नाही, असं मी समजते. का, ते चिठ्ठीवर विचारू शकते, पण विचारणार नाही. तपासणारे तुम्ही. तुम्हाला कळायला हवं.’

त्यानंतर काही दिवस पुन्हा नुसते अंकांबद्दल. एका लेखाची बारा ओळींची चिरफाड आहे, ती वाचताना मला तिथे बसूनही हसू आलं. मग डिसेंबरच्या मध्यावर हा:

‘वर कोपऱ्यात २ आलंय. म्हणजे तुम्ही आणि मी. तुम्हीही साडेसातला येता वाटतं. आज काही लिहीत नाही. नुसती बसते.’

तसे आणखी आहेत. ‘आज पुन्हा २. बसते.’ ‘२ आहे. तुमची भाजी झाली असेल.’ मोजले. एकूण नऊ.

जानेवारीतला एक फक्त तीन शब्दांचा. ‘आकडा काढलात. बरं.’

शेवटचा फेब्रुवारीतला. ‘रविवारी मुलगा न्यायला येतोय. नागपूरला लिफ्ट आहे म्हणे. यादीत सातवा क्रमांक रिकामा करावा. आठव्याला सातवा करू नये, त्याला आठव्याचीच सवय आहे.’

मी सगळे एकोणतीस मंजूर केले. एकदम करायची सोय होती, पण एकेक वाचून केला. सुनीताबाई म्हणाल्या, “काका, मी सांगायला पायजे होतं का तुम्हाला? मला वाटलं तुम्ही बघताय.” मी म्हणालो, “पत्ता मी लिहिला होता.” त्यांनी चहा मागवला. तो आल्याचं मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर बाईंच्या इमारतीत गेलो. जिना चढलो. अडुसष्ट पायऱ्या आहेत. मधे दोनदा थांबलो तरी तीन मिनिटंही लागली नाहीत. हंगामात चौदा वेळा त्या जिन्याच्या तोंडाशी उभा होतो मी. पिशवी खाली येत होती, म्हणून वर गेलो नाही. दाराला कुलूप होतं. गॅलरीच्या गजाला दोरी तशीच गुंडाळलेली होती, शेजाऱ्यांच्या खिडकीतून दिसली. शेजारणीने मुलाचा नंबर दिला.

मुलगा चांगला बोलला. “आई बरी आहे, काका. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, स्क्रीनकडे बघायचं नाही सांगितलंय सध्या. तुमचं नाव ऐकलंय मी तिच्या तोंडून.”

“काय ऐकलंय?”

“तांबे तपासतायत, असं म्हणायची.”

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सांगतो तिला. लिहून दाखवतो.” मी पत्रही पाठवलं, त्याच लेटरहेडवर, छापलेला पत्ता काट मारून. मग वेबसाइटवर एकोणतीस उत्तरं लिहिली. पृष्ठ ५२ पुन्हा वाचलं. ती बाई खरोखर दाराआड आहे. मला तेव्हा फक्त अनुस्वार दिसला होता. तसंच लिहिलं. सहा महिने होऊन गेले. अजून त्यांच्याकडून काही नाही. ऑपरेशननंतर किती दिवस बघायचं नसतं, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनी वेगवेगळे आकडे सांगितले.

यंदाच्या सभेत उपस्थिती आठ. वेबसाइट बंद करावी, कोणी वापरत नाही, असं पाध्ये म्हणाले, आणि आकडेवारीच्या दृष्टीने ते बरोबर होतं. मी म्हणालो, खर्च मंडळावर पडणार नाही. ठराव तसा झाला. सातवा क्रमांक रिकामा ठेवला आहे. सगळे एकेक क्रमांक वर सरकले तर अंक पाच दिवस आधी मिळतील म्हणून नवव्या घराने विचारलं तेव्हा मी फक्त नाही म्हणालो. कारण दिलं नाही.

मग खोपटला गेलो. सुनीताबाईंना म्हणालो, तो चौकोन परत लावा.

“अंदाजेच असतो हां, काका. आधीच सांगते.”

“चालेल.”

“तुम्हाला वगळून मोजायची पण सोय आहे आता. म्हणजे तुमचा हिशेब चुकणार नाही.”

“नको,” मी म्हणालो. “मला धरा.”

ही मार्चअखेरीस बेंगळुरूहून आली. आता घरात दोन ताटं आहेत. काल साडेसातला मी पान उघडून बसलो तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. तिला सगळं माहीत आहे.

“रोज बसणार असे?”

“साडेसात ते आठ.”

“काही लिहिणार?”

“नाही. त्यांनी कधी उघडलंच तर तिथे कोणी नाही असं व्हायला नको.”

तिने पडद्यावरचा आकडा बघितला. “मग चहा इकडेच आणते,” ती म्हणाली.

काल एक होतं. आजही एक आहे.

येत्या मार्चचं वार्षिक नूतनीकरण आगाऊ आणि चौकोन पुन्हा लावणे, मिळून दोन हजार आठशे रुपये, सुनीता म्हात्रे यांना रोख दिले. मंडळाच्या खात्यातून नव्हे. पावती माझ्या नावाची आहे.